तुमच्या चिंतन-वहीत पुरावा कुठे आहे?

मला पत्रातून प्रश्न विचारणाऱ्या बाई सहा वर्षं शाळेत शिकवत आहेत. सेवांतर्गत प्रशिक्षणात त्यांना दर आठवड्याला एक चिंतन-वही, म्हणजे आपल्याच कामाकडे मागे वळून पाहण्याची वही, भरावी लागते. त्यात तीन रकाने आहेत: आज काय चांगलं झालं, काय सुधारता येईल, मला काय वाटलं. त्यांचं म्हणणं असं की वर्षभर भरूनही शिकवण्यात काही फरक पडलेला नाही. मग हे नुसतं कागद काळे करणं आहे का? आणि लोक चिंतनाचं एवढं कौतुक करतात, त्यात तथ्य किती?

तुमची वही बहुधा कागद काळे करणंच आहे, हे आधी सांगून टाकते. चिंतन मात्र त्यामुळे निकालात निघत नाही. मी २२ वर्षं वर्गात शिकवलं आणि गेली ११ वर्षं शिक्षकांबरोबर काम करते. मधल्या काळात परिचारिकांचे आणि समुपदेशकांचेही काही गट घेतले. व्यवसाय वेगवेगळे, पण अडचण सगळीकडे तीच. माणसं आठवणीवर चिंतन करतात, आणि आठवण ही आपल्या बाजूची वकील असते. समोर पुरावा असेल तरच काहीतरी नवं हाती लागतं.

माझंच उदाहरण घ्या. नोकरीला नऊ वर्षं झाली होती. सहावीच्या वर्गात अपूर्णांकांची तुलना घेतली आणि संध्याकाळी वहीत लिहिलं, 'तुलना छान समजली. सहभाग चांगला. मागच्या बाकांकडे जास्त लक्ष द्यायला हवं.' त्या तासाचं रेकॉर्डिंग झालेलं होतं, कारण एका सहकारी बाईंना त्यांच्या अभ्यासासाठी ते हवं होतं. आठवड्यानंतर त्यांनी मलाही ऐकायला दिलं.

फळ्यावर प्रश्न होता: दोन छेद तीन मोठा की तीन छेद पाच? रेकॉर्डिंगमध्ये मी प्रश्न विचारते आणि श्वास घ्यायला लागेल तेवढ्यात एका मुलीचं नाव पुकारते. ती म्हणते, 'दोन छेद तीन, बाई, कारण त्यात पूर्ण व्हायला एकच कमी आहे आणि तीन छेद पाचात दोन...' त्या 'दोन'वरच माझं 'शाब्बास! आता पुढचं कोण सांगेल?' येऊन आदळतं.

तिचं उत्तर बरोबर होतं, कारण साफ चूक. ती अंश आणि छेद यांच्यातलं अंतर मोजत होती. त्याच रीतीनं एक छेद दोन हा तीन छेद पाचापेक्षा मोठा ठरतो, कारण एकीकडे एकच कमी, दुसरीकडे दोन. गणित शिकवणाऱ्यांना ही चूक ओळखीची असते. मलाही होती, तिच्यावर परीक्षेत उत्तर लिहून आले होते! दुसऱ्या दिवशी वर्गात हीच जोडी फळ्यावर लिहिली, तर जवळपास निम्म्या मुलांनी एक छेद दोन मोठा म्हणून हात वर केले.

आता माझी वहीतली नोंद पुन्हा वाचा. ती खोटी नव्हती, मला खरंच तसं वाटलं होतं. पण ती वर्गाची नोंद नव्हतीच. तास संपल्यावर माझं मन कसं होतं, एवढंच तिच्यात उतरलं होतं.

मग मी घड्याळ घेऊन बसले आणि प्रत्येक प्रश्नानंतर किती थांबते ते मोजलं. बहुतेक ठिकाणी सेकंदभर, काही ठिकाणी तेवढंही नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात असंख्य वर्गांची रेकॉर्डिंगं तपासून हेच दाखवलं होतं: शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तो थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. हे मी वाचलेलं होतं. 'मुलांना विचार करायला वेळ देता का?' असं कुणी विचारलं असतं तर मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं असतं.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७४ साली यावर नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या मते प्रत्येक व्यावसायिकाजवळ दोन सिद्धांत असतात. एक सांगायचा, म्हणजे विचारलं की आपण जो बोलून दाखवतो तो. दुसरा वागण्यातला, जो फक्त आपल्या कृतीतून दिसतो. दोन्हींत फरक असतो, आणि त्यात ढोंग नसतं; दुसरा सिद्धांत आपल्याला स्वतःला दिसतच नाही. म्हणून 'आज मी काय केलं?' असं स्वतःला विचारलं की उत्तर पहिल्या सिद्धांतातून येतं. तुमचे तिन्ही रकाने त्यालाच विचारतात.

'अनुभवानं माणूस शिकतोच की,' असं यावर हमखास ऐकायला मिळतं. शिकतो, पण आपोआप नाही. २००५ मध्ये डॉक्टरांच्या कामावरच्या ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत वर्षं वाढत गेली तशी कामगिरी खालावलेली दिसली. दुसऱ्याच वर्षी आलेल्या एका आढाव्यात डॉक्टरांनी स्वतःचं केलेलं मूल्यमापन आणि बाहेरून केलेलं मोजमाप यांचा मेळ फारसा बसत नाही असं निघालं. शिक्षकांनी हे वाचून हसण्यात अर्थ नाही. डॉक्टरांच्या हातचुका निदान नोंदवल्या तरी जातात. आपण 'दोन'वर मध्येच तोडलेल्या वाक्याची नोंद कोण ठेवतं?

तथ्य किती, याचंही एक उत्तर आहे. एका मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपनीत नवीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात हार्वर्डच्या संशोधकांनी प्रयोग केला. एका गटानं दिवसाची शेवटची १५ मिनिटं आज काय शिकलो ते लिहिण्यात घालवली, दुसऱ्यानं तीच मिनिटं कामाच्या सरावाला दिली. प्रशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेत लिहिणाऱ्यांचे गुण सुमारे २३ टक्क्यांनी जास्त आले. आकडा भरघोस आहे, पण त्याच्यावर भाळू नका. ते लोक ताज्या, ठोस गोष्टीवर लिहीत होते, नव्यानं काही शिकत होते, आणि कसोटी प्रशिक्षणातली होती. वीस वर्षं जुन्या सवयीबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. माझ्या अनुभवात तिथे नुसतं लिहिणं पुरत नाही.

चिंतनाची ही कल्पना आली कुठून ते थोडक्यात सांगते, कारण प्रशिक्षणात तिचा फक्त तक्ता उरला आहे. जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९१० मध्ये मांडलं की खरा विचार सुरू होतो तो अडखळण्यातून, काहीतरी जुळत नाही या जाणिवेतून. शॉननं डॉक्टरेटचा प्रबंध ड्यूईवरच लिहिला होता. १९८३ च्या पुस्तकात तो व्यावसायिकांच्या जगाचे दोन भाग करतो: वर कोरडी, टणक जमीन, जिथले प्रश्न शास्त्रानं सुटतात; खाली दलदल, जिथले प्रश्न गुंतागुंतीचे असतात पण माणसांच्या दृष्टीनं महत्त्वाचे तेच. त्यातलं एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. वास्तुकलेची एक विद्यार्थिनी शाळेचा आराखडा करते आहे आणि इमारत उतारावर काही केल्या बसत नाही. शिक्षक तिच्या आराखड्यावर पारदर्शक कागद ठेवतात, रेषा काढत जातात आणि काढता काढता मोठ्यानं बोलतात: इथे असं केलं तर काय होतं, बघू या... अरे, यामुळे ती बाजू अडते, मग इकडून. विचार, हात आणि बोलणं एकाच वेळी चाललेलं.

शॉनच्या भाषेत हे काम चालू असतानाचं चिंतन. काम संपल्यावरचं ते निराळं. प्रशिक्षणात सगळा भर दुसऱ्यावर असतो, कारण ते कागदावर उतरतं आणि तपासता येतं. पण खरी मजा पहिल्यात आहे, आणि दुसऱ्याचा सगळा खटाटोप पहिल्यासाठीच असतो. त्या रेकॉर्डिंगनंतर दोन महिन्यांनी एक मुलगा फळ्यापाशी अडकला तेव्हा माझ्या तोंडून 'शाब्बास' निसटायच्या बेतात होतं, आणि मी ते गिळलं. नुसतं म्हटलं, 'मग?' त्यानं पुढे जे सांगितलं त्यातून माझा पुढचा तासच बदलला. लिहिण्यानं मिळालं ते एवढंच: त्या एका क्षणी स्वतःला पकडता आलं.

चिंतनाच्या मॉडेलांबद्दल, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांबद्दल, फार बोलत नाही. ग्रॅहम गिब्जचं सहा पायऱ्यांचं चक्र (१९८८) सगळ्यांना पाठ असतं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती-आराखडा. त्याहून जुने आणि सुटसुटीत टेरी बॉर्टनचे तीन प्रश्न (१९७०): काय झालं, मग त्याचं काय, आता काय. कुठलंही वापरा. मी शेकडो वह्या वाचल्या आहेत, आणि मॉडेल बदलल्यामुळे वही सुधारली असं एकदाही पाहिलं नाही. सुधारते ती पहिली पायरी सुधारली की. वर्णनात बहुतेक जण आधीच निकाल देऊन मोकळे होतात. 'मुलं कंटाळली होती' हे वर्णन नव्हे. 'दुसऱ्या ओळीतल्या तिघांनी वही मिटली, एकीनं घड्याळाकडे पाहिलं' हे वर्णन. 'रुग्णाचे नातेवाईक ऐकायला तयार नव्हते' हे वर्णन नव्हे. ते काय म्हणाले आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात, शब्दाला शब्द, हे वर्णन. गटात मी पहिले दोन महिने फक्त हेच करून घेते. लोक वैतागतात.

आणखी एक सापळा आहे. निकाल कळल्यावर 'मला वाटलंच होतं' असं वाटू लागतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं: परिणाम माहीत झालेल्या लोकांना तो आधीपासूनच अटळ होता असं वाटतं, आणि या माहितीनं आपलं मत बदललं आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. मागे वळून केलेल्या चिंतनाला ही कीड हमखास लागते. उपाय अगदी साधा आहे, आणि मला वाटतं पुस्तकांत त्याच्यावर पुरेसा भर नाही. घटनेच्या आधी दोन ओळी लिहा. तासाला जाण्यापूर्वी: 'आज मुलं छेद समान करताना अडतील, दहापैकी सहा जणांना जमेल.' तास झाल्यावर त्याशेजारी काय झालं ते. पहिल्या महिन्यात माझे अंदाज इतके चुकले की वही कुणाला दाखवायची लाज वाटायची. ज्या मुलांना मी ओळखते असं समजत होते, त्यांच्याबद्दलचे अंदाज तर सगळ्यात जास्त चुकले.

अमेरिकी लष्करानं १९७० च्या दशकापासून सरावानंतरच्या आढाव्याची जी पद्धत बसवली, तिचा पहिला प्रश्न हाच: काय व्हायचं ठरलं होतं? मग प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. चर्चेत हुद्दा बाजूला ठेवायचा हाही तिथला दंडक. एरवी सगळ्यात ज्येष्ठ व्यक्ती आधी बोलली की बाकीच्यांची आठवण तिच्या आठवणीसारखी होते, हे मी अनेक बैठकांत पाहिलं आहे. म्हणून आमच्या गटात सगळ्यात नवी व्यक्ती पहिली बोलते.

गटाचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. चिंतन ही एकटीनं करायची गोष्ट, अशीच माझी समजूत होती. मायकेल बालिंट या मनोविश्लेषकांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे गट चालवले. डॉक्टर आपल्या एखाद्या रुग्णाबद्दल टिपणं न बघता बोलायचे. मी वर पुराव्याचा एवढा आग्रह धरला आणि इथे टिपणंच नाहीत! पण तिथे पुरावा वेगळा होता. सांगताना डॉक्टर काय गाळतो, कुठे चिडतो, कुठल्या रुग्णाचं नावच विसरतो, हे ऐकणाऱ्यांना दिसायचं. म्हणजे बाहेरचा डोळा किंवा कान हवाच, मग तो यंत्राचा असो की माणसाचा.

सहकाऱ्याला ऐकायला बसवाल तर एक अट घाला: सल्ला द्यायचा नाही. 'मी असते तर...' हे वाक्य आलं की चिंतन संपलं आणि बचाव सुरू झाला. 'नेमकं काय म्हणालीस?', 'तेव्हा ती कुठे बघत होती?', 'आणि त्याआधी?' असे प्रश्न विचारायचे. माझ्या त्या सहकारी बाईंनी रेकॉर्डिंग देताना एक अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी ते माझ्याआधी ऐकलं होतं, हे मला वर्षभरानं कळलं.

तुमच्या तिसऱ्या रकान्याबद्दल, 'मला काय वाटलं'. भावना लिहिणं चूक नाही. पुष्कळदा तीच पहिली खूण असते. एखाद्या मुलाचा राग येतो तेव्हा तो आपल्या कुठल्यातरी गृहीतकावर पाय देत असतो. पण काही जण तिथून बाहेरच पडत नाहीत. तोच प्रसंग रोज उगाळतात, दरवेळी थोडं जास्त दुःखी होतात. यातला फरक मी एका गोष्टीवरून ओळखते: लिहून झाल्यावर उद्याच्या कामात करून बघण्यासारखं काही निघालं का? तीन दिवस काही निघालं नाही तर वही मिटवा आणि कुणाशी तरी बोला. गटातल्या एका परिचारिकेला मी हेच सांगितलं होतं. तिच्या वॉर्डात झालेल्या मृत्यूबद्दल ती महिनाभर पानंच्या पानं लिहीत होती. तिला तेव्हा चिंतन नको होतं, आधार हवा होता.

आता तुमच्या सक्तीच्या वहीकडे येते. जी वही वरिष्ठ तपासणार, तिच्यात माणूस खरं लिहीत नाही. लिहावं अशी अपेक्षाही मी ठेवत नाही. सोसेल एवढीच चूक, मग थोडा पश्चात्ताप, मग सुधारणेचा संकल्प: हा साचा सगळ्यांना जमतो. मी स्वतः तपासनीस असताना अशा वह्यांना चांगले गुण दिले आहेत, हे कबूल करते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून परिचारिकांना नोंदणी टिकवण्यासाठी दर तीन वर्षांनी पाच चिंतनपर टिपणं लिहावी लागतात. पण त्याबरोबर दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी किंवा सुईणीशी त्यावर प्रत्यक्ष चर्चाही करावी लागते. मला त्यातलं दुसरं कलम जास्त मोलाचं वाटतं. समोर बसून तुमच्यासारखंच काम करणारी बाई विचारते तेव्हा साचा फार वेळ टिकत नाही.

म्हणून दोन वह्या ठेवा. सरकारी वही दहा मिनिटांत भरून टाका, अपराधी वाटून घेऊ नका. स्वतःची वेगळी ठेवा, कुणालाही न दाखवण्याची. विद्यार्थ्यांची किंवा रुग्णांची खरी नावं तिच्यातही घालू नका. रोज लिहायची गरज नाही. आठवड्यातला एक तास किंवा एक प्रसंग निवडा, शक्यतो बरा गेलेला. वाईट प्रसंगांवर सगळेच लिहितात, पण माझा तो अपूर्णांकांचा तास माझ्या लेखी उत्तम झाला होता. आधी दोन ओळींचा अंदाज, मग रेकॉर्डिंग, मग त्यातली फक्त पाच मिनिटं ऐकून जसंच्या तसं उतरवणं. पाच मिनिटांचं बोलणं उतरवायला अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून त्याहून जास्त घेऊ नका. त्यानंतर एकच गोष्ट बदला आणि महिनाभर तीच मोजा. मी प्रश्नानंतरचा थांबा घेतला होता. एका सेकंदावरून जेमतेम अडीचवर यायला मला अख्खं सत्र लागलं, आणि वर्ग गडबडीचा असला की अजूनही मी मागे घसरते.

रेकॉर्डिंगसाठी संस्थेची आणि मुलांच्या पालकांची परवानगी आधी घ्या. मुलांनाही सांगा की हे त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. त्यांना फार गंमत वाटते. आणि सुरुवातीची दहा मिनिटं ऐकायच्या भानगडीत पडू नका. तेवढा वेळ आपण टेबलावरच्या मोबाइललाच शिकवत असतो.